शाळेच्या रजिस्टरातली तारीख

दादा,

तुझं पुण्यानुमोदन होऊन आज पाच दिवस झाले. भंतेजी आले, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले, त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण तुझ्याविषयी बोलायला उभा राहिला. कारखान्यातले आले होते, विहारातले आले होते. सगळ्यांचा सूर एकच, माणूस सरळ पण हट्टी. तुझ्या शेजारच्या गायकवाडांनी तर कौतुकानं सांगितलं, "लेक परदेशात अडकली, पण हा बाप खोट्या कागदावर सही करायला वाकला नाही." लोकांनी माना डोलावल्या. स्टुलावर मोबाइल टेकवून ठेवला होता. त्यात करुणा पांढरा कुर्ता घालून तिच्या स्वयंपाकघरात बसली होती. तिनं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

तेव्हा मी उठून बोलायला हवं होतं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, वर्गात ओरडून ओरडून घसा फाटला, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून इथे लिहिते आहे. तुला ऐकावं लागेल. एरवी माझं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाहीस, आता ती सोय तुला नाही.

करुणा शाळेत जायची झाली तेव्हा आपण सगळे अंबरनाथलाच होतो, आठवतं? मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि पहिलीचे प्रवेश माझ्याकडे होते. तू पहिली पाळी करून, तोंडही न धुता, करुणाला घेऊन शाळेत आलास. खिशात सरकारी दवाखान्याची चिठ्ठी होती, घडी घालून घालून मऊ झालेली. तिच्यावर जन्मतारीख होती बावीस जुलै. म्हणजे जूनमध्ये तिला सहा वर्षं पुरी होत नव्हती. हेडमास्तर म्हणाले असते, पुढच्या वर्षी या. तू चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "बघ काय ते. नाही झालं तर राहू दे." आणि करुणाला पाणी पाजायला नळावर घेऊन गेलास.

तू नळावर असताना मी रजिस्टर उघडलं आणि चौदा एप्रिल लिहिली.

कुणी सांगितलं नव्हतं. तूही नाही. दोनच महिन्यांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत आपण सगळे नाचलो होतो. तो गुलाल माझ्या डोक्यातून अजून उतरला नव्हता असं म्हण. वाटलं, पोरीचं वर्षही वाचेल आणि आयुष्यभराची एक मोठी तारीखही तिला मिळेल. आपल्या आईला जन्मतारीख नव्हती. तुझी मास्तरांनी एक जून ठोकून दिली होती, आळीतल्या दहा पोरांसारखी. निदान ही तारीख आपण निवडलेली होती. मी अक्षर वळणदार काढलं, हेडमास्तरांनी न बघता सही केली आणि काम संपलं.

संध्याकाळी तुला सांगितलं तेव्हा तू आधी डोळे वटारलेस आणि मग असा हसलास की वहिनी पोळपाट ठेवून बाहेर आली. पुढे कितीतरी वर्षं करुणाला वाटायचं की वस्तीत लायटिंग, निळे झेंडे, बँड हे सगळं तिच्या वाढदिवसासाठीच असतं. तूही तिला तसंच सांगायचास. वहिनी मात्र बावीस जुलैला कुणाला न सांगता शिरा करायची आणि पहिला घास करुणाला द्यायची. वहिनी गेली आणि ती तारीख घरात कुणी काढेनासं झालं.

दाखल्यावर चौदा एप्रिल, म्हणून दहावीच्या सर्टिफिकेटवर चौदा एप्रिल, जात पडताळणीत तीच, पासपोर्टवर तीच. तू प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवायचास. "आपल्या लोकांना कागद सांभाळावाच लागतो," म्हणायचास. पडताळणीच्या ऑफिसात तू तिच्यासाठी दोन वर्षं खेटे घातलेस, आजोबांचा शाळेचा उतारा शोधायला पार गावाला जाऊन आलास. करुणा फिजिओथेरपिस्ट झाली, युरोपातल्या एका हॉस्पिटलात लागली, तिथेच तिचा संसार झाला. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिचं प्रकरण अजून चालू आहे.

मग तिथे भरबाजारात तो हल्ला झाला. तू टीव्हीसमोरून उठला नाहीस. एका बापाच्या हातात लहान मुलीचा एकच बूट होता, ते दृश्य पुन्हापुन्हा दाखवत होते आणि तू रडत होतास. रविवारी विहारात तू सगळ्यांना त्या मेलेल्या माणसांसाठी दोन मिनिटं उभं केलंस. पोरं एकमेकांना विचारत होती, "कुठे झालाय रे?" करुणा सुखरूप होती. तिच्याकडे जखमी लोक नंतर आले, टाके सुकल्यावर, चालायला शिकायला. त्यात एक म्हातारी होती, पाय गमावलेली. करुणा तिला 'माझी आजी' म्हणायची. दोन दांड्यांच्या मध्ये धरून तिला पाऊल टाकायला शिकवायची आणि तिच्या प्रगतीची बातमी तुला फोनवर द्यायची. आजीनं चार पावलं टाकली त्या दिवशी तू मला फोन करून सांगितलंस, जणू तुझीच नात चालली.

त्या बाजारात मेलेल्यांसाठी ठेवलेली फुलं सुकली आणि शहर बदललं. करुणा सांगायची तसं मला आठवतंय. आधी स्टेशनवर बंदूकधारी शिपाई आले, त्याची सवय झाली. मग भिंतींवर पोस्टर आली. तिच्या मजल्यावर राहणाऱ्या नादियानं दारावरची नावाची पाटी काढून टाकली. बसमध्ये करुणाच्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली. मग निवडणूक झाली आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाची फाइल पुन्हा तपासू म्हणणारे निवडून आले. 'माझ्या आजी'नंही त्यांनाच मत दिलं होतं. तिनं स्वतःच सांगितलं, आणि करुणाचा हात थोपटून म्हणाली, "ते तुझ्याबद्दल नाही गं बाळ. तू त्यांच्यातली नाहीस."

हे ऐकून तू हसलास, पण ते हसणं काही बरं नव्हतं. म्हणालास, "मला कारखान्याच्या कँटीनमध्ये असंच सांगायचे. 'तू त्यांच्यातला वाटत नाहीस.' आणि कप वेगळा ठेवायचे."

त्यावरून आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणाले, "दादा, त्यांची माणसं मेलीत. घाबरलेला माणूस दार लावून घेणारच."

"लावू दे ना दार. आतल्याला कोंडून का लावतात?"

"मग काय करायचं त्यांनी? आरती ओवाळायची?"

"मारणारा तर जागीच मेला, सुमन. आता राग काढायला कुणी तरी हवंय, एवढंच."

मी आजही म्हणते, तू त्यांची भीती समजून घेतली नाहीस. त्या म्हाताऱ्या बाईचा पाय गेला होता, दादा. कँटीनमधल्या लोकांचं काय गेलं होतं? दोन्ही एका मापानं मोजायला मी तयार नाही. पण करुणाच्या फाइलवर लाल शिक्का बसला तेव्हा माझंही तोंड बंद झालं, हे कबूल करते.

चूक तूही केलीस. करुणाला म्हणालास, "तू सरळ सांगून टाक ना त्यांना. आपण बौद्ध. आपला त्या लोकांशी काय संबंध?"

करुणा म्हणाली, "आणि नादियानं काय सांगायचं, बाबा?"

तू फोन ठेवून दिलास. दोन दिवस कुणाशी धड बोलला नाहीस, माझ्या हातची भाकरी करपलीय म्हणून उगाच खेकसलास. तिसऱ्या दिवशी स्वतः फोन लावलास आणि म्हणालास, "नादियाला माझा जयभीम सांग." तिला त्याचा अर्थ काय कळणार होता? पण करुणानं सांगितला म्हणे. तुझ्यातलं हेच मला आयुष्यभर आवडलं. तुला चूक उमगायला दोन दिवस लागायचे, पण उमगली की तू ती झाकून ठेवायचा नाहीस. हे मला जमलं नाही.

फाइल अडकली ती तारखेवर. कायमचं राहण्यासाठी नगरपालिकेचा जन्मदाखला लागतो. तो मीच काढून पाठवला होता. त्यावर बावीस जुलै. आधीच्या काळात असल्या फरकावर तिथला क्लार्क खांदे उडवायचा, सोबत एक खुलासा जोडला की काम व्हायचं. हल्ल्यानंतर नियम आला की दोन तारखा म्हणजे दोन ओळखी, आणि दोन ओळखी म्हणजे चौकशी. तिचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड काढून घेतलं आणि हातात एक तात्पुरती चिठ्ठी दिली. तिच्यावर राहता येतं, काम करता येतं. देश सोडता येतो, पण परत शिरता येत नाही. नवरा आणि तीन वर्षांचा पोरगा तिथे. मग ती कशी निघणार? ज्यांना ती चालायला शिकवत होती ते लोक बरे होऊन समुद्रावर फिरून आले आणि ती आपल्या बापाला बघायला येऊ शकली नाही.

तिची तिथली वकील म्हणाली, शाळेची नोंद आता बदलणार नाही. पण ती चुकीची तारीख ज्यानं दिली त्यानं शपथेवर लिहून दिलं, कशी दिली, का दिली, तर बोलता येईल.

तो दिवस. मी तुझ्याकडे बदलापूरला आले होते. चामटोली गावाहून येणाऱ्या भाजीवालीनं ताजे मटार दिले होते, ते सोलत तुझ्या शेजारी बसले होते. करुणानं व्हिडिओ कॉल केला. मी कॅमेऱ्यात अर्धी दिसत होते.

"बाबा, शाळेत तारीख कोणी दिली?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "मी," म्हणालास.

"मग तसं नोटरीसमोर लिहून द्या."

"नाही देणार."

"का?"

"मी खोटं लिहून देणार नाही."

"अहो, खोटं तर तेव्हा लिहिलंत ना! आता खरं लिहायला सांगतेय."

"नाही म्हणलं ना."

ती रडली, ओरडली. "तुमच्या जयंतीपायी मी इथे अडकलेय," म्हणाली. तू ऐकून घेतलंस. फोन बंद झाल्यावर मी तुझ्यामागून स्वयंपाकघरात आले तर तू माठातलं पाणी पीत होतास. म्हणालास, "तोंडानं मी काहीही बोलेन. मीच दिली म्हणेन. पण मी दिलीच नाही, तर शपथ कशावर घेऊ?"

मी म्हणाले, "मी देते लिहून."

"गप बस. सरकारी रजिस्टर आहे. पेन्शन जाईल तुझी. नवरा नाही, मूल नाही, खाशील काय?"

आणि मी गप्प बसले. हे एवढंच मला पुण्यानुमोदनाला उभं राहून सांगायचं होतं. तू एकदा गप बस म्हणालास आणि मी बसले. एरवी तुझं कुठलं ऐकलंय मी? शिक्षिका झाले तुझ्या मनाविरुद्ध, लग्न केलं नाही तुझ्या मनाविरुद्ध, या वयात स्कूटर शिकले तुझ्या मनाविरुद्ध. एवढं एकच सोयीचं होतं ते ऐकलं.

त्यानंतरचे आठ महिने घर कोंडल्यासारखं झालं. ती तिकडे चिठ्ठीत अडकलेली, तू इथे आजारी पडून ऑक्सिजनच्या नळीला, आणि दोघांच्या मधे मी. तिचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही माझ्या मोबाइलवर. "औषध घेतात ना?" विचारायची. मी तुझ्या कानाशी धरू का म्हटलं की म्हणायची, राहू दे. तू पलंगावरून हातानं विचारायचास, काय म्हणते? मी म्हणायचे, तुझी आठवण काढते. तू मान वळवून खिडकीबाहेर बघायचास. मी खोटं बोलते हे तुला कळायचं. मी रोज ठरवायचे की उद्या तिला सांगायचं, आणि रोज मला तुझा डबा, तुझी वाफ, डॉक्टरची वेळ असं काही ना काही सापडायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी तू मला म्हणालास, "पंखा एकनं कमी कर." मी कमी केला. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. मला वाटत होतं तू काही तरी म्हणशील, म्हणजे मग मलाही म्हणता येईल. तू डोळे मिटून पडलास आणि मी पेपर वाचत बसले.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या शाळेतल्या जुन्या क्लार्कला फोन केला, आता निवृत्त आहेत ते. विचारलं, इतक्या जुन्या चुकीच्या नोंदीबद्दल मी शपथपत्र दिलं तर माझ्या पेन्शनचं काय? ते हसायलाच लागले. "अहो बाई, त्या काळातली अर्धी रजिस्टरं अशीच आहेत. कोण विचारतंय आता? खुशाल द्या." सगळं मिळून तीन मिनिटांचा फोन. आठ महिन्यांत तो मी केला नाही, दादा. तूही केला नाहीस. जन्मभर कागदांशी झुंजलेली आपण दोघं, आणि एका कागदाची भीती खरी की खोटी एवढंही कुणाला विचारलं नाही. तुला माझी काळजी होती. मला कसली होती, ते मला आता चांगलं कळतं. करुणाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला.

काल उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या नोटरीकडे गेले. वासूभाई म्हणतात त्यांना, सत्तरीचे आहेत. मी टाइप करून नेलेलं शपथपत्र त्यांनी चष्मा वर करून वाचलं. दोनदा वाचलं.

"मॅडम, ये क्या टेन्शन लेके बसला तुम्ही? हमारे बडे लोग सिंध से आये, तब किसके पास कागज था? कॅम्प का क्लार्क पूछता था, जनम कब का? कोण सांगणार? उसने सबको एक जनवरी लिख दिया. मेरे बाप का एक जनवरी, चाचा का एक जनवरी, दादी का भी एक जनवरी. घर में एकही दिन सबका केक."

मी म्हणाले, "तुम्हाला कुणी कोंडलं नाही ना त्यावरून."

ते शिक्का उचलता उचलता थांबले. "नाही," म्हणाले. "तब किसीको हमारा डर नहीं था." मग माझी सही घेतली, अंगठाही घेतला. शाई पुसायला कापूस दिला.

त्या कागदावर मी लिहिलंय की तारीख माझ्या मनानं मी लिहिली, माझ्या भावानं खरी तारीख दिली होती, त्याच्याकडे दवाखान्याची चिठ्ठी होती आणि त्यानं कधीही, कुठेही खोटं लिहून दिलेलं नाही. शेवटचं वाक्य वकीलबाईनं मागितलं नव्हतं. ते तिथे लागतच नाही म्हणे. मी ठेवलं.

यानं ती सुटेल का, मला माहीत नाही. वकील म्हणते फायली हजारांनी पडल्यात, तपासणारे मोजके. परवा त्या देशात दुसऱ्या एका गावात पुन्हा कुणी तरी सुरा घेऊन धावलं, आणि पुन्हा पुढचे दोन महिने सगळं थांबवलंय. करुणा म्हणते, कुठेही काही झालं की आधी मेलेल्यांसाठी वाईट वाटतं आणि लगेच स्वतःसाठी भीती वाटते, आणि त्या भीतीची तिला लाज वाटते.

आज सकाळी कागदाचा फोटो तिला पाठवला. दुपारी फोन आला. तिचा मुलगा मागे काही तरी आपटत होता.

"आत्या, बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि मी त्यांच्याशी भांडत होते तेव्हा तू तिथे बसली होतीस."

"हो."

मी वाट बघत होते की ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग एकदम लहानपणीच्या आवाजात तिनं विचारलं, "मग मी त्यांच्याशी बोलणं का बंद केलं होतं गं?"

मी तिचं नाव घेतलं तर म्हणाली, "थांब. आता तू काही बोलू नकोस. सुटले की पहिल्यांदा बाबांच्या घरी जाईन. तुझ्याकडे नाही येणार." आणि फोन ठेवला.

बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते. पण तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, दादा. ती घ्यायला तिला माझ्या दारात यावं लागेल. मी दार उघडेन. त्यापुढे काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि आता मला गप बस म्हणायलाही तू नाहीस.

तुझी
सुमन